दोन उंचवट्यांमधला खड्डा: बीएमएक्स ट्रॅकची पार्श्वभूमी

मुंबईत मोकळ्या जागेचा विषय निघाला की हल्ली दोन नावं हमखास येतात. एक म्हणजे सागरी किनारा मार्गालगतचा भराव, जिथे सुमारे 70 हेक्टर हिरवी जागा योजली आहे. दुसरं महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जागा. तिथे काय काय असावं, याच्या याद्या सगळ्यांकडे तयार असतात. त्यात कुणी बीएमएक्सचा, म्हणजे छोट्या चाकांच्या सायकलींच्या उंचवट्यांवरच्या शर्यतींचा ट्रॅक सुचवला, तर पहिली शंका ठरलेली: हा हाडं मोडून घ्यायचा खेळ, चार स्टंटवाल्या पोरांसाठी दीड-दोन एकर कशाला अडवायचे? ही समजूत अगदीच निराधार नाही, पण ती बऱ्याच उशिरा तयार झाली.

सुरुवात पोरांचीच. 1963 साली अमेरिकेत श्विन कंपनीची स्टिंग-रे सायकल आली: 20 इंची चाकं, उंच हँडल, लांबट सीट. त्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींचं वेड पसरलं होतं. मोटरसायकल हाती यायचं वय नसलेली पोरं याच सायकली मातीत घालून मोठ्यांची नक्कल करू लागली. 1970च्या नोव्हेंबरात लाँग बीचमधल्या एका रिकाम्या प्लॉटवर स्कॉट ब्राइटहॉप्ट नावाच्या 13 वर्षांच्या मुलाने शर्यत भरवली. प्रवेश फी 25 सेंट, आणि बक्षीस म्हणून मोटोक्रॉसमध्ये स्वतः जिंकलेल्या ट्रॉफ्या! ट्रॅक म्हणजे जमिनीचे मूळचे चढउतार. जो येईल त्याने सायकल हाणावी, एवढाच नियम.

पुढचा प्रवास अशा खेळांचा होतो तसाच झाला. 1981 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ, 1982 मध्ये अमेरिकेतल्या डेटन इथे पहिली जागतिक स्पर्धा, 1993 मध्ये जागतिक सायकलिंग संघटनेत विलीनीकरण, 2003 मध्ये ऑलिंपिकमध्ये समावेशाचा निर्णय आणि 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिक.

ऑलिंपिकने ट्रॅकची उंचीच बदलली. तिथला स्टार्ट रॅम्प, म्हणजे शर्यत जिथून सुटते तो उतार, 8 मीटर उंचीचा. हवेचा अडथळा आणि घर्षण बाजूला ठेवलं, तर 8 मीटर उतरणारी सायकल एक पेडल न मारता ताशी 45 किलोमीटरच्या आसपास पोचते. वर पेडल मारलं की आणखी. हाच रॅम्प अडीच मीटरचा असेल तर आकडा 25 वर येतो. टीव्हीसाठी वेग आला, वेगासाठी लांब उड्या आल्या, आणि लांब उड्यांबरोबर आपटणंही आलं. बीजिंगच्या महिलांच्या अंतिम शर्यतीत ब्रिटनची शानेझ रीड शेवटच्या वळणावर ओव्हरटेक करायला गेली आणि कोसळली. सुवर्णपदक फ्रान्सच्या अ‍ॅन-कॅरोलिन शोसोंने नेलं. 2012च्या ऑलिंपिकसाठीचा लंडनचा ट्रॅक तर 2011च्या चाचणी स्पर्धेत खुद्द व्यावसायिक रायडर्सनाच जड गेला आणि त्यात फेरफार करावे लागले. लोकांच्या डोक्यात बीएमएक्स म्हणून बसलं ते हे.

प्रत्यक्षात धोका कुठे असतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समोरासमोर मातीचे दोन उंचवटे आणि मधे खड्डा, याला 'डबल' म्हणतात. ज्याला पलीकडे पोचता येतं त्याच्यासाठी ही मजा. ज्याची उडी हातभर कमी पडते त्याचं पुढचं चाक पलीकडच्या उंचवट्याच्या तोंडावर आदळतं आणि तो हँडलवरून फेकला जातो. आता तो मधला खड्डा भरावाने भरून टाका. झाला 'टेबलटॉप'. नवखी मुलगी त्यावरून सायकल नुसती चालवत नेते. थोडा सराव असलेला पुढचं चाक उचलून मागच्यावर जातो. तयार रायडर सगळा भाग हवेत पार करतो. रेषा एकच, अडथळा तोच, आणि चुकीची शिक्षा फारच सौम्य. सर्वांसाठीच्या ट्रॅकचं निम्मं डिझाइन या दोन-चार डंपर मातीत आहे, असं माझं मत आहे. ज्यांना डबल हवाच, त्यांच्यासाठी एका सरळ पट्ट्यात वेगळी वाट काढता येते. मोठ्या स्पर्धांच्या ट्रॅकवर अशी 'प्रो सेक्शन' असतेच. मात्र ती जिथून फुटते तिथे फलक आणि पुरेशी रुंदी हवी, नाहीतर नवखा माणूस वेगात भलत्याच बाजूला जायचा.

लंडनकरांनी ऑलिंपिक संपल्यावर याच दिशेने पाऊल टाकलं. तात्पुरती आसनं काढली, ट्रॅकची नव्याने आखणी केली आणि 2014 मध्ये तो ली व्हॅली वेलोपार्क या सायकलिंग संकुलाचा भाग म्हणून सगळ्या कुवतीच्या सायकलस्वारांना खुला केला. यात कुणाला खेळ पातळ झाल्यासारखा वाटेल. मला वाटत नाही, कारण या खेळात पाच-सहा वर्षांच्या पोरांपासून 24 इंची 'क्रूझर'वरच्या पोक्त मंडळींपर्यंत वयोगट पूर्वीपासून आहेत. गर्दी त्यांचीच असते, ऑलिंपिकवाले मूठभर.

मुंबईत मात्र लंडनचा नकाशा उचलून चालणार नाही. बीजिंगमध्ये पावसामुळे अंतिम शर्यती एक दिवस पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबरात 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नुसत्या मुरमाचे उंचवटे धुमसाने कितीही ठोकून बसवले तरी दोन पावसांत त्यांना ओघळ पडणार. म्हणून वळणांचे उंच बांध डांबरी हवेत, आणि परवडत असेल तर सगळा पृष्ठभागच. तोल आणि शरीराच्या झोक्यावर पेडल न मारता फिरायचे डांबरी 'पंप ट्रॅक' जगभर होत आहेत. छोट्या जागेसाठी तोही पर्याय आहे. त्याहून महत्त्वाचे चर. दोन उंचवट्यांमधल्या प्रत्येक सखल भागातून पाण्याला बाहेरची वाट हवी आणि टेबलटॉपचा माथाही एका बाजूला किंचित उतरता हवा. तिथे पाणी साचत राहिलं की भराव आधी मधेच खचतो. निविदेत पावसाळ्यानंतरची दुरुस्ती धरलेली नसेल, तर उद्घाटनाला टेबलटॉप असलेला अडथळा दोन-तीन वर्षांत आपोआप डबल होतो, तोही 'प्रो सेक्शन'चा फलक नसलेला.