इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर आणण्यापूर्वी: पासिंग, लायसन्स आणि अर्ज नेमका कुठे अडतो

"या गाडीला लायसन्स लागत नाही, पासिंगही लागत नाही," हे विक्रेत्याचे वाक्य पूर्णपणे खोटे नसते, आणि त्यामुळेच ते ग्राहकाला महागात पडते. काही इलेक्ट्रिक स्कूटरना खरोखरच नोंदणी, विमा आणि लायसन्स यांतून सूट आहे. मात्र ती सूट गाडी बॅटरीवर चालते म्हणून मिळत नाही, तर ती विशिष्ट मर्यादेत बसते आणि तसे अधिकृतपणे तपासले गेले आहे म्हणून मिळते. हा फरक न समजल्यामुळे गाडी आधी विकत घेतली जाते, कागदपत्रांची चौकशी नंतर होते, आणि चौकात गाडी अडवली गेल्यावर किंवा अपघात झाल्यावर आपल्याकडे दाखवण्यासारखे काहीच नाही हे लक्षात येते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार, ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे सलग तीस मिनिटे देता येणारी शक्ती) २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते 'मोटार वाहन' मानले जात नाही. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. शिवाय त्या अटींची पडताळणी नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने किंवा मानेसरच्या आयकॅटने, केलेली असावी लागते. गाडीवर चिकटवलेले '२५०' असे स्टिकर किंवा माहितीपत्रकातील एक ओळ म्हणजे पडताळणी नव्हे.

जो कागद जवळपास कोणाकडेच नसतो, तो या पडताळणीचाच. सूट असलेली गाडी घेताना त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्यावी, त्यावरील मॉडेलचे नाव बिलावरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे आणि ती प्रत बिलासोबत जपून ठेवावी. "प्रमाणपत्र कंपनीकडे असते, तुम्हाला त्याची काय गरज?" असे उत्तर मिळाले, तर ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी क्रमांक नसलेली गाडी अडवली गेल्यावर सूट सिद्ध करण्याची वेळ चालवणाऱ्यावर येते, विक्रेत्यावर नव्हे.

वेगमर्यादा 'उघडून' देण्याचा उद्योग त्याहूनही वाईट आहे. एक वायर काढली की गाडी चाळीस-पंचेचाळीसने धावते, हे हौसेने सांगितले जाते. त्या क्षणी ती गाडी सुटीच्या व्याख्येतून बाहेर पडते आणि विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते, हे मात्र सांगितले जात नाही. कायद्यातील आकडेच पाहायचे तर लायसन्सशिवाय वाहन चालवल्यास ५,००० रुपये आणि विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. खरे संकट याहून मोठे आहे. अशा गाडीने कोणाला इजा झाली, तर भरपाईचा संपूर्ण भार स्वतःवर येतो, कारण तो उचलायला विमा कंपनीच नसते.

मर्यादेबाहेरच्या, म्हणजे शहरात सर्रास दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरना पेट्रोल स्कूटरचेच नियम लागू होतात. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये असतो आणि त्याला विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), उत्पादकाचे रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र (नमुना २२), विमा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. नव्या गाडीसाठी हे सर्व विक्रेत्यानेच करायचे असते. नोंदणीचिन्ह लावल्याशिवाय नवी गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, अशी तरतूद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. त्यामुळे "गाडी आज घेऊन जा, नंबर आठवड्याभरात येईल" हा प्रस्ताव मुहूर्त कितीही चांगला असला तरी नाकारावा. खासगी इलेक्ट्रिक वाहनाची पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे, म्हणून बिलातील 'आरटीओ खर्च' या मोघम रकमेत नेमके काय धरले आहे ते विचारायला संकोच करू नये. पीयूसी लागत नाही. नमुना २१ वरील चॅसिस क्रमांक आणि मोटर क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. एक आकडा चुकला, तर तो दुरुस्त करण्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा मोजायला हाताची बोटे पुरत नाहीत.

विम्याची तारीख वाचताना एक चूक वारंवार होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण अनेकदा एकाच वर्षाचे असते. पॉलिसीवर या दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. लोक मोठा आकडा वाचून पाच वर्षे निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडीची मोडतोड झाली, बॅटरीला धक्का बसला किंवा गाडी चोरीला गेली की दावा फेटाळला जातो.

लायसन्सचा अर्ज

येथे नाकारल्या जाणाऱ्या अर्जांमागे कारणे मोजकीच असतात, पण तीच पुन्हा पुन्हा दिसतात. पहिले कारण म्हणजे चुकीचा वाहनवर्ग. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी 'विनागिअर मोटारसायकल' हा वर्ग लागतो. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स असेल तर वेगळे काढण्याची गरज नाही. मात्र मोटारीचे लायसन्स दुचाकीला चालत नाही, मग ते वीस वर्षे जुने आणि निष्कलंक का असेना. पेट्रोलच्या किमतीला कंटाळून मोटार घरी ठेवणारे आणि स्कूटर घेणारे अनेक अनुभवी चालक नेमके येथेच चुकतात. त्यांनी नवे लायसन्स काढायचे नसते, तर आहे त्यात वाहनवर्ग वाढवून घ्यायचा असतो. त्यासाठीही त्या वर्गाचे शिकाऊ लायसन्स काढून तीस दिवस थांबावे लागते.

दुसरे कारण वयाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ मध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना जी सवलत आहे, ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलपुरती शब्दबद्ध केलेली आहे. बॅटरीच्या गाडीला सीसी नसतात, तेव्हा 'सोळाव्या वर्षी चालते' या ऐकीव माहितीवर मुलाच्या हाती चावी देऊ नये. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला जायला सोय व्हावी म्हणून केलेली ही घाई कोणत्याच हिशेबात बसत नाही.

अर्ज 'सारथी' पोर्टलवर करायचा असतो. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या आधारे शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. ही सोय चांगली आहे, परंतु आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला असेल तर पहिल्याच पायरीवर ओटीपी येत नाही, आणि ही अडचण आरटीओ कार्यालय सोडवू शकत नाही. त्यासाठी आधी आधार केंद्रातच जावे लागते. नावाचा घोळ याहून चिवट असतो. आधारवर लग्नानंतरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि एका कागदावर वडिलांचे नाव पूर्ण तर दुसऱ्यावर केवळ आद्याक्षर, अशा अवस्थेत भरलेला अर्ज परत येतो. म्हणून अर्जाला हात लावण्यापूर्वी सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्यावी. नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांकडून नमुना १अ भरून घेण्यास विसरू नये. एकदा परत आलेल्या अर्जावरच्या 'कागदपत्रे अपूर्ण' या दोन शब्दांच्या शेऱ्यातून कोणता कागद अपुरा आहे हे कोणालाही कळणे शक्य नसते, ही यंत्रणेची जुनी खोड आहे.

पत्त्याविषयीचा एक गैरसमज मात्र विनाकारण प्रवास घडवतो. आधारवर गावचा पत्ता आहे म्हणून लायसन्ससाठी गावीच जावे लागेल, असे अनेकांना वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आपण ज्या राज्यात राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. खिडकीवरून कोणी परत पाठवले, तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

परीक्षेत ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. वाहतुकीच्या चिन्हांचा थोडा अभ्यास केला की ती अवघड नाही.

अवघड आहे तो मुदतीचा हिशेब. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. पहिली अट लोक विसरत नाहीत, कारण यंत्रणाच अर्ज स्वीकारत नाही. गफलत होते ती 'सहा महिने आहेत, सावकाश जाऊ' या समजुतीत. १० जानेवारीला मिळालेले शिकाऊ लायसन्स ९ जुलैला संपते. जूनच्या शेवटी अपॉइंटमेंट शोधायला बसले की जवळचे स्लॉट भरलेले असतात. चाचणीत नापास झाल्यास पुन्हा यायला सात दिवस थांबावे लागते, आणि तीनदा नापास झाल्यास पुढची संधी साठ दिवसांनी मिळते. यातला एखादा खोळंबा झाला तरी मुदत संपते, आणि मग शुल्क, परीक्षा आणि तीस दिवसांची प्रतीक्षा हे सारे पहिल्यापासून करावे लागते. तीस दिवस पूर्ण होताच पहिला मोकळा स्लॉट घ्यावा. हात बसलेला नसेल, तरी दुसरा महिना उलटू देऊ नये.

चाचणीला वाहन स्वतःचे न्यावे लागते आणि त्याची कागदपत्रे सोबत लागतात. सूट असलेल्या गाडीचा मालक लायसन्स काढायला गेला, तर येथे पुन्हा अडकतो, कारण त्याच्या स्कूटरला नोंदणी नसते, आणि विनानोंदणी गाडीवर चाचणी कशी घेणार? अशा अर्जदाराने नोंदणी आणि विमा असलेली विनागिअर स्कूटर कोणाकडून तरी मागून घ्यावी आणि चाचणीपूर्वी चार-पाच दिवस तिच्यावर सराव करावा. हलक्या गाडीवर बसलेला हात वजनदार गाडीवर वळण घेताना फसतो, आणि पाय जमिनीला टेकला की चाचणी तेथेच संपते.

शिकाऊ काळातील दोन नियम शहरात जवळपास कोणीच पाळत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' अक्षर असावे लागते. ती पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच हवे, तेव्हा नखाएवढे स्टिकर चालत नाही. दुसरे असे की, शिकाऊ व्यक्तीने शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नसते. मैत्रिणीला कॉलेजपर्यंत सोडणे किंवा मुलाला शाळेतून आणणे हेदेखील त्यात आलेच. पक्के लायसन्स मिळाल्यावरही हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच हवे. हेल्मेट नसेल, तर १,००० रुपये दंडाबरोबरच तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाचे मूल मागे असेल, तर त्याला सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट लावणे फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि तेव्हा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. सूट असलेल्या गाडीवर हेल्मेटची सक्ती नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. ताशी चोवीस किलोमीटरने जाणाऱ्या माणसाचे डोके रस्त्यावर आपटले, तर तो युक्तिवाद रस्त्याला ऐकू येत नाही.

जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्यांनी नमुना २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याला कळवण्यासाठी १४ दिवसांची, तर घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. या दोन मुदती एकच समजल्यामुळे विकणारा निश्चिंत राहतो आणि पुढच्या मालकाची चलने त्याच्या मोबाईलवर येत राहतात.