दिवाणी तडजोडीसाठी बंद्याची पेशी

तुरुंगात असलेला माणूस दिवाणी दाव्यात पक्षकार असेल, तर तडजोडीच्या बोलणीसाठी त्याला न्यायालयात हजर करण्याची प्रक्रिया. मराठवाड्यात असे दावे बहुधा जमिनीच्या वाटणीचे, बांधाचे, थकीत कर्जाचे किंवा सोडचिठ्ठीचे असतात. शिक्षा लागली म्हणून सातबाऱ्यावरचे नाव उडत नाही, आणि भावकीचा दावाही थांबत नाही. समन्ससुद्धा तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्यामार्फतच बजावले जाते.

फौजदारी तारखेला बंद्याला (कैद्याला) आणणे रोजचेच. दिवाणी न्यायालयासाठी तरतूद आहे ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 16-ए मध्ये. 1976 च्या दुरुस्तीने ती आली. अडचण अशी की ती साक्षीदार म्हणून येणाऱ्या बंद्याचा विचार करते. तडजोडीची बोलणी म्हणजे साक्ष नव्हे. त्यामुळे वकिलाला अर्जात पक्षकाराची प्रत्यक्ष हजेरी का हवी हे पटवून द्यावे लागते आणि संहितेच्या कलम 151 खालील न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचा आधार घ्यावा लागतो. अमेरिकेतील फेडरल न्यायालये याच कामासाठी साक्षीकरिता बंद्याला हजर करण्याचा जुना रिटच (न्यायालयीन आदेश) वापरतात. म्हणजे ओढाताण तिकडेही आहे.

ऑर्डर 16-ए मधील अंतराची अट इथे फार जाचते. तुरुंग न्यायालयापासून 25 किलोमीटरहून लांब असेल, तर कमिशन (न्यायालयाने जबाब घ्यायला नेमलेली व्यक्ती) नेमून तुरुंगातच जबाब घेणे पुरेसे नाही अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहापासून पैठणचे न्यायालयही या मर्यादेबाहेर जाते. लातूर-नांदेडची तर गोष्टच सोडा. शिवाय ज्याने बंद्याला बोलावले, त्याला पोलीस गार्डच्या प्रवासासह सगळा खर्च आधी न्यायालयात भरावा लागतो. वाटणीचा दावा दोन-तीन एकरांचा असेल तर हा हिशेब कुटुंबाला परवडत नाही. बंदी आजारी असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिले, तर अधीक्षक त्याला पाठवत नाहीत. आणि सगळे जुळले तरी सण किंवा निवडणुकीचा बंदोबस्त लागला की गार्ड मिळत नाही, तारीख पुढे जाते.

म्हणून बहुतेक प्रकरणे पेशीविना मिटवण्याकडे कल असतो. बंदी तुरुंगातून वकालतनामा किंवा कुलमुखत्यारपत्र देतो, आणि तडजोड पुरसीस (तडजोड झाल्याचे लेखी निवेदन) दाखल होते. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर आलेला शिक्षाबंदी स्वतःच न्यायालयात जाऊ शकतो. कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याला, ती वाट नाही. व्हीसीची (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची) सोय झाली आहे, पण ती तारीख वाढवण्यापुरती बरी. तुरुंगातला कर्मचारी शेजारी उभा असताना भावाशी विहिरीच्या पाळीवर मोकळेपणी कोण बोलणार?

लोकअदालतीत हा मुद्दा अधिक गंभीर होतो, कारण तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 23 नुसार तडजोड लेखी, सहीची आणि कायदेशीर हवी. दबावाखाली दिलेली संमती त्यात बसत नाही. पॅनेलने बंद्याला नातेवाइकांपासून बाजूला घेऊन विचारणे म्हणूनच इष्ट. बंद्याला स्वतःचा वकील नसेल, तर कोठडीतील व्यक्ती म्हणून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली त्याला तो मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंगातूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.