डिझेल खाणाऱ्या जिवाणूंना हवा हवी

इंधनाचा जुना डेपो बंद झाला, टाक्या उपसून नेल्या, पाइपलाइन उखडली, तरी माती जागेवरच राहते. वरून ती साधी दिसते. खोदत गेले की करडी-काळपट होते, आणि कुठलातरी सांधा वर्षानुवर्षे ठिबकत होता हे वासावरून कळते.

गळलेले इंधन खाली झिरपताना मातीच्या फटींत थोडे अडकते. उरलेले भूजलापर्यंत पोचते आणि पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगते. भूजलाची पातळी ऋतूंप्रमाणे वरखाली होते, तसे इंधनही तिच्याबरोबर वरखाली होत मातीला लेप देत राहते. त्यामुळे सर्वांत खराब माती बहुधा टाकीच्या बुडाशी मिळत नाही, ती या चढउताराच्या पट्ट्यात मिळते. टाकीखालची माती काढून खड्डा बुजवून मोकळे होणारे इथेच फसतात.

नमुने घेतानाची चूक याहून साधी असते. पेट्रोलमधले बेंझिन पटकन उडते. चार ठिकाणची माती बादलीत कालवून ‘सरासरी’ नमुना केला, की अहवाल छान येतो आणि जमीन तशीच राहते. बेंझिनसाठी नमुना ताज्या कापातून घ्यावा, लगेच हवाबंद करावा, थंड ठेवावा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनसाठीची मार्गदर्शक मर्यादा आहे. इतक्या बारीक मापात निष्काळजीपणा चालत नाही.

पेट्रोलने भिजलेली माती सच्छिद्र असेल तर विहिरीसारखी छिद्रे पाडून निर्वात पंपाने वाफ ओढून घेता येते. ती कोळशाच्या गाळणीतून सोडायची. डिझेल असे उडत नाही. ते जिवाणूंना खाऊ घालावे लागते. हे जिवाणू बाटलीतून विकतही मिळतात, पण त्यांची गरज क्वचितच पडते, कारण हायड्रोकार्बन खाणारे जिवाणू जवळपास प्रत्येक मातीत आधीपासून असतात. त्यांचे अडते ते ऑक्सिजनपाशी.

५०० घनमीटर मातीचा हिशेब करू. घनमीटरला १.७ टन धरले तर ८५० टन माती झाली. किलोमागे ५,००० मिलिग्रॅम डिझेल असेल तर एकूण ४,२५० किलो. १ किलो डिझेल पूर्ण पचवायला सुमारे ३.५ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे सगळे मिळून जवळपास १५ टन. १ घनमीटर हवेत ऑक्सिजन साधारण २८० ग्रॅम, तेव्हा ५३,००० घनमीटर हवा पुरे. सहा महिन्यांत वाटली तर दिवसाला ३०० घनमीटर होते. निम्मी-अधिक वाया गेली तरी लहान ब्लोअर ती सहज देतो. हाच ऑक्सिजन पाण्यात विरघळवून द्यायचा तर लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो आणि दीडशे कोटी लिटरांहून जास्त पाणी लागते. पाण्याखालच्या मातीची सफाई का रेंगाळते, ते यातून कळावे.

म्हणून खणलेल्या मातीचा ढीग, म्हणजे बायोपाइल, हवेसाठीच रचतात. खाली जाड प्लास्टिक, कडेने बांध, झिरपा गोळा करायला उतार, मधे छिद्रांचे पाइप, वर ताडपत्री. उंची दोन मीटरच्या आसपास ठेवावी. फार उंच केला तर तळची माती स्वतःच्याच वजनाने दबते. पहिले काही आठवडे हवा आत फुंकू नये, ओढावी, म्हणजे हलक्या वाफा गाळणीतून जातात.

ओलाव्याच्या बाबतीत शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द इथे चपखल बसतो. मूठ वळली की माती गोळा धरते, पण बोटांमधून पाणी गळत नाही. पाणी जास्त झाले की फटी भरतात आणि ब्लोअर नुसताच घुमतो. चिकणमातीत तर हवा ढेकळांच्या बाजूने निसटते आणि ढेकळाच्या पोटात डिझेल जसेच्या तसे राहते. ढेकळे फोडून लाकडाचा भरड भुसा मिसळावा. मात्र भुसा स्वतः नत्र खातो आणि चाचणीत त्याचे सेंद्रिय पदार्थ तेलात मोजले जाण्याची शक्यता असते. तेल मोजण्याआधी मातीतून काढलेला अर्क सिलिका जेलने साफ करायला, म्हणजे हे पदार्थ वेगळे करायला, प्रयोगशाळेला सांगावे.

खताचे प्रचलित प्रमाण कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १ असे आहे. आपल्या ढिगात ३,६०० किलो कार्बन आहे, म्हणजे ३६० किलो नत्र, म्हणजेच सुमारे ७८० किलो युरिया. एवढा एकदम टाकलात तर मातीतले पाणी खारट होते, अमोनियाने सामू (pH) चढतो आणि जिवाणूच सुस्तावतात. आधी चौथा हिस्सा द्यावा. मेलेल्या जिवाणूंचे नत्र पुन्हा वापरात येते, त्यामुळे बहुतेकदा पूर्ण मात्रा लागतच नाही.

काम चालू आहे का, हे ब्लोअर थांबवून पाहतात. ढिगातल्या हवेतला ऑक्सिजन २० टक्क्यांवरून दिवसाभरात झरझर उतरला तर जिवाणू जेवत आहेत. उतरत नसेल तर डिझेल संपले असे लगेच मानू नये, आधी ओलावा मोजावा. कोरड्या ढिगातही ऑक्सिजन असाच स्थिर राहतो.