साइड मार्जिनचा अर्ज कुणाच्या टेबलावर जातो?

घर बांधताना नियमातून थोडी सूट हवी असली की नागपूरकर आधी नगरसेवकाला गाठतो. नगरसेवकाच्या हाती त्यातलं फारच कमी असतं. घराच्या बाजूची मोकळी जागा, म्हणजे साइड मार्जिन, कमी सोडायची असेल तर अर्ज नगररचना विभागात जातो आणि निर्णय आयुक्तांच्या अधिकारात होतो. सभागृहाचा संबंध येतो तो जमिनीचा वापरच बदलायचा असेल तेव्हा. ही वाटणी समजायला थोडं मागे जावं लागतं.

महाल, इतवारीतली घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तिथे मार्जिन हा विषयच नव्हता. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला आणि आखीव लेआउट, लीजवरचे प्लॉट, घराभोवती मोकळी जागा ही पद्धत शहरात रुजली. १९५१ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखडा बंधनकारक केला. पण नकाशा मंजूर करणारी दारं दोन राहिली, मनपा आणि एनआयटी, म्हणजे हाच सुधार प्रन्यास. प्रन्यास बरखास्त करण्याच्या घोषणा झाल्या, निर्णयही झाले. प्रन्यास आहे तिथेच आहे. आपला प्लॉट कुणाच्या हद्दीत, हे शोधण्यातच अनेकांच्या चपला झिजल्या.

अडचणीचं खरं मूळ मात्र शेतजमिनीवर विनापरवाना पडलेल्या लेआउटमध्ये आहे. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे इथे गल्लीतल्या माणसालाही पाठ आहेत. प्रन्यासाच्या याद्यांतले हे अनधिकृत लेआउट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित होण्याची वाट दिली, २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत नेली. डिमांड, म्हणजे मागणीपत्राची रक्कम, भरा, आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, घ्या. आरएल मिळाला तरी प्लॉट काही रुंद होत नाही. तीस फूट रुंदीत दोन्हीकडे पाच-पाच फूट सोडले तर घराला वीसच उरतात. मग जिना बाहेर जातो, जिन्याखाली संडास येतो, वर गॅलरी शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत पोहोचते. शेजारी तक्रार करतो, नोटीस येते, आणि त्यानंतर सवलतीचा अर्ज लिहिला जातो. क्रम बहुतेकदा हाच.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, खरोखरची अडचण दाखवता आली तर मापांत सूट देण्याचा अधिकार आहे. आग, आरोग्य, इमारतीची सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये, आणि सहसा एफएसआयला, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या प्रमाणाला, हात लावता येत नाही. सूट देताना प्रीमियम आकारता येतो, आणि माझ्या मते घोळ इथेच आहे. पैसे भरायची तयारी हीच अडचणीची खूण ठरू लागली तर नियम दरपत्रकासारखा वाचला जातो. ज्याचा उजेड जाणार त्या शेजाऱ्याला मात्र या वाटेवर विचारायची सक्ती नाही.

वापरबदलात त्याला विचारलं जातं. निवासी पट्ट्यातली जमीन आराखड्यात वाणिज्य करायची तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली प्रस्ताव सभागृहापुढे येतो, हरकती-सूचनांसाठी महिनाभर मिळतो, सुनावणी होते. अंतिम मंजुरी राज्य सरकारची. धरमपेठ, रामदासपेठेत बंगल्यांच्या जागी दवाखाने आणि क्लासेस आले ते काही सगळे या वाटेने आले नाहीत. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तर सभेचे अधिकारही प्रशासकाकडेच गेले.

साध्या परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, पण बांधकाम नियमात बसत असेल तरच. सवलत मागणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नकार आला तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. आधीच बांधून मोकळे झालेल्यांसाठी २०१७ मध्ये कलम ५२-अ आलं, दंड भरून बांधकाम ‘प्रशमित’ करून घ्यायचं. त्याची अट ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामाची. त्यानंतर बाहेर काढलेल्या गॅलरीला ते लागू नाही.