टीसेव्ह वेगळं, सेव्ह ट्रेसपॉइंट्स वेगळं

जीडीबीत, म्हणजे चालत्या प्रोग्राममध्ये डोकावून चुका शोधायच्या डीबगरमध्ये, ब्रेकपॉइंट लावणं तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. ट्रेसपॉइंटही तसाच लागतो. फरक इतकाच, की त्या ओळीवर प्रोग्राम तुमची वाट बघत थांबत नाही. सांगितलेल्या किमती टिपतो आणि पुढं चालू लागतो. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला तापमान कंट्रोलर ब्रेकपॉइंटवर अडवून ठेवता येत नाही, म्हणून तिथं जीडीबीसर्व्हर (बोर्डाच्या बाजूनं चालणारा जीडीबीचा जोडीदार प्रोग्राम) आणि ट्रेसपॉइंट. इथपर्यंत सगळं बरोबर करतात. घोळ होतो तो टिपलेलं जपून ठेवताना.

कुपवाड एमआयडीसीतल्या युनिटांमधून ‘साइटवरचा ट्रेस पाठवलाय, बघा’ असा निरोप येतो. फाइल उघडावी तर आत साधा मजकूर: ट्रेस, पुढं फाइलचं नाव नि ओळ क्रमांक, मग ॲक्शन्स, कलेक्ट डॉलर लोकल्स (म्हणजे फंक्शनमधली लोकल व्हेरिएबल्स टिप), एंड. संपलं. एकही तापमान नाही, एकही रजिस्टर नाही. हा ट्रेस नव्हे. ही ट्रेसपॉइंटची व्याख्या आहे, आणि ती दिली ‘सेव्ह ट्रेसपॉइंट्स’ या कमांडनं. तिचं काम तेवढंच: कुठं टिपायचं, काय टिपायचं, कोणत्या अटीवर, हे लिहून ठेवणं. पुढच्या वेळी ‘सोर्स’ म्हणून ती फाइल वाचली की ट्रेसपॉइंट परत लागतात. रिकामे.

टिपलेला डेटा फाइलमध्ये उतरवते ती ‘टीसेव्ह’. ही फाइल एडिटरमध्ये वाचता येत नाही. सुरुवातीच्या अक्षरांत ट्रेस० दिसतं, थोडं वर्णन असतं आणि मग बायनरी. ती ‘सोर्स’ करायची नसते, ‘टारगेट टीफाइल’नं उघडायची. मग ‘टीफाइंड’नं एकेका फ्रेमवर, म्हणजे एकेका वेळच्या टिपणावर, जायचं, ‘टीडंप’नं बघायचं. बोर्ड तासगावला, तुम्ही विश्रामबागेत, तरी चालतं. नवा ट्रेस मात्र त्यावर सुरू करता येत नाही. ट्रेसपॉइंटच्या व्याख्याही याच फाइलमधून परत मिळतात. उलटं होत नाही: व्याख्येच्या फाइलमधून डेटा कधीच मिळत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली रक्त तपासायची चिठ्ठी आणि लॅबचा रिपोर्ट, एवढा हा फरक आहे. चिठ्ठीवर नसलेली तपासणी रिपोर्टात येत नाही, आणि नेमकं हेच टीसेव्हच्या फाइलबाबत विसरलं जातं. कोअर डंपची (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या प्रतीची) सवय असलेल्यांना वाटतं, सगळी मेमरी आत असेल. नसते. ‘कलेक्ट’मध्ये मागितलं तेवढंच असतं. डॉलर लोकल्समध्ये सेन्सरचा पॉइंटर आला, तर पत्ता आला. त्या पत्त्यावरचं स्ट्रक्चर हवं असेल तर पॉइंटरच्या नावाआधी तारांकन (*) लावून वेगळं मागावं लागतं. नाही मागितलं तर तिथं ‘अनअव्हेलेबल’ दिसतं. त्याला फाइल खराब झाली म्हणू नका. बॅकट्रेस (कोणतं फंक्शन कुणी बोलावलं ती यादी) एका स्टॅक फ्रेमवर थांबला तर स्टॅक टिपलेला नाही, इतकाच अर्थ.

आता मला मनापासून खटकणारी गोष्ट. ट्रेस झाला, ‘टीस्टॉप’ केलं, जरा बघितलं, ‘परत एकदा घेऊ’ म्हणून ‘टीस्टार्ट’ केलं. ‘टीस्टार्ट’ आधीचा बफर (टिपलेला डेटा तात्पुरता ठेवायची मेमरी) पुसूनच सुरू होतो. कंप्रेसर कधीतरीच अडकतो, त्याचा हाती लागलेला एकुलता पुरावा असा जातो. डेटा लक्ष्य बोर्डाच्या बाजूला बफरमध्ये असतो. जीडीबीसर्व्हर बंद पडला तरी तो गेला. म्हणून टीस्टॉपनंतरची पहिली कमांड टीसेव्ह. बघायचं ते नंतर.

बारीकसारीक: टीसेव्हला ‘वजा आर’ लावलं तर फाइल बोर्डावर पडते, लॅपटॉपवर शोधत बसू नका. ‘वजा सीटीएफ’ लावलं तर फाइलऐवजी सीटीएफची (कॉमन ट्रेस फॉरमॅटची) डिरेक्टरी मिळते आणि ती ‘टारगेट सीटीएफ’नं उघडते. मी साधी टीफाइलच मागतो.

आणि बोर्डावर चालू असलेल्या बिल्डचीच, डीबग माहिती असलेली प्रोग्रामची फाइल सोबत पाठवा. ट्रेसमध्ये पत्ते असतात, प्रोग्राम नसतो. मधे कुणी एक ओळ वाढवून परत बिल्ड केलं असेल, तर जीडीबी बिनदिक्कत चुकीची ओळ दाखवतं आणि आपण भलत्याच फंक्शनवर संशय घेत बसतो.