सुशेगाद

सुशेगाद : गोव्याच्या बोलण्यातला, स्वस्थ आणि तृप्त मनःस्थिती सांगणारा शब्द. मूळ पोर्तुगीज ‘सोसेगादु’, म्हणजे शांत, निवांत. कोकणीने तो आपलासा केला आणि गोव्यातल्या मराठीतही तो रुळला. घाईघाईने जेवणाऱ्याला आई ‘सुशेगाद जेव’ म्हणते, तेव्हा तिला फक्त ‘सावकाश’ एवढेच म्हणायचे नसते. ताटात जे आहे त्यावर मन लावून जेव, असे तिला सांगायचे असते.

पर्यटनाच्या जाहिरातींनी या शब्दाला आरामखुर्ची आणि समुद्रकिनारा चिकटवला. गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, आळशी, हा समज त्यातूनच पक्का झाला. तो चुकीचा आहे. माडाची सूर काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो. पाव भाजणारा पोदेर सारे गाव झोपलेले असताना भट्टी पेटवतो, म्हणून पहाटे दारात पाव येतो. शेतातला माणूस सकाळी राबून दहा-अकराला पेज पितो, पुन्हा कामाला लागतो आणि दुपारी जेवून आडवा होतो. बाजारातली दुकानेही दुपारी बंद होतात. त्या दोन-तीन तासांत चार गिऱ्हाइके परत गेली तरी चालतात. सुशेगादचे मर्म या ‘चालतात’मध्ये आहे. त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा कोकणी शब्द ‘पुरो’. पानावर आडवा हात धरून वाढणाऱ्याला म्हणतात तोच. आपल्याला किती पुरे, हे ज्याला कळले तो सुशेगाद.

हा स्वभाव हवापाण्यातून आला असे म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे गावाची अर्थव्यवस्था होती. जुन्या गावकरी पद्धतीत जमीन एकट्याची नसून गावाची असे. पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, तिचे रीतिरिवाज लेखी नोंदवले. खारे पाणी अडवून केलेल्या खाजन जमिनींचे बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानशीची दारे सर्वांनी मिळून सांभाळायची. शेते लिलावाने कसायला द्यायची. उत्पन्नातून बांधांचा, देवळाचा आणि गावकामाचा खर्च भागवून उरेल ते गावकारांत, म्हणजे गावाच्या मूळ घराण्यांत, ‘झोण’ म्हणून वाटायचे. बांध फुटला तर सगळ्यांचीच शेते खारट होणार, त्यामुळे एकट्याने पुढे धावण्यात फारसा अर्थ नव्हता. सुरक्षितता सामाईक असली की हाव आपोआप कमी होते, असे मला या व्यवस्थेकडे पाहून वाटते.

पण याच ठिकाणी या शब्दाची दुसरी बाजूही लिहायला हवी. झोण गावकारांच्या पुरुष वंशजांनाच मिळे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार त्याच्या माडांची राखण करी, बोलावल्यावर कामाला जाई आणि मर्जी फिरली तर घराबाहेर पडे. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, निवांत बसलेल्या भाटकाराचे सुशेगादपण या माणसाच्या कष्टांवर उभे होते. घराची शाश्वती नसलेल्याला ‘जे आहे त्यात समाधान मान’ असे सांगणे हा अन्याय आहे. मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा गोवामुक्तीनंतर, १९७५ मध्ये आला. अनेकांनी त्याआधीच मुंबई गाठली होती किंवा तारवटी होऊन बोटींवर नोकरी धरली होती. गरजेपुरते मिळाल्यावरच ‘पुरो’ म्हणता येते.

पैशापलीकडचे समाधान गोव्यात सर्वांत ठळक दिसते ते उत्सवी नाटकात. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या गावांत जत्रेला किंवा काल्याला मराठी नाटक होतेच. दिवसा दुकान, शाळा, बँक सांभाळणारी माणसे रात्री देवळाच्या मंडपात तालमीला जमतात. मानधन नाही, उलट वर्गणी काढून पडदे, रंगभूषा आणि तबलजीचा खर्च भागवायचा. प्रयोग बहुधा एकच, आणि तो उत्तररात्रीपर्यंत चालतो. कोणी वीस वर्षे शिपायाचेच काम करतो आणि त्या दोन वाक्यांसाठी रजा टाकून येतो. त्याची गावातली ओळख त्याच्या पगारावरून नव्हे, त्या भूमिकेवरून असते.

व्यक्तीच्या पातळीवर पाहायचे तर बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे उदाहरण घ्यावे लागते. साखवाळचा हा तरुण घरची माडांची बाग सांभाळत असे. मराठी मासिकातून बुद्धाचे चरित्र वाचले आणि १८९९ मध्ये त्याने ज्ञानासाठी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे करत तो श्रीलंकेत पोहोचला, तिथे भिक्षू झाला, पाली शिकला. पुढे कोलकात्यातली अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीरावांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून बौद्ध विचार मराठीत आणता येणार होता. याला सुशेगाद म्हणावे का? रूढ अर्थाने नाही. पायाला भिंगरी लावून त्यांनी आयुष्य काढले. मात्र कमी पैशात अधिक मोलाचे काम निवडताना त्यांना काही गमावल्यासारखे वाटले नाही, आणि तोच या शब्दाचा सर्वांत खोल अर्थ आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पैशात न मोजता येणारे समाधान कुर्डीतही दिसते. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणात गेले. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. १९८० च्या दशकात पाणी चढले, त्याआधी लोकांना वाडे आणि वालकिणी इथे जमिनी व भरपाई देऊन हलवले होते. मे महिन्यात पाणी ओसरले की जुन्या घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. लोक येतात, उत्सव करतात, ‘आमची पडवी ही’ म्हणून नातवंडांना चिखलातली रेघ दाखवतात. त्या जागेवर आता त्यांच्यापैकी कोणाचीही मालकी नाही. पाऊस लागला की ती पुन्हा पाण्याखाली जाते.