चौथ्या वर्षीच एडीएचडीचं निदान? हे वय आलं कुठून

एडीएचडी, म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणा, हे आता बहुतेक पालकांना माहितीये, म्हणून जास्त सांगत बसत नाही. जुना इतिहास थोडक्यात, 1902 मध्ये लंडनच्या एका बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर लेक्चर्स दिली, 1937 मध्ये अमेरिकेत उत्तेजक औषध दिल्यावर मुलं अभ्यासात सुधारलेली दिसली, आणि मग कितीतरी वर्षं मेंदूला बारीकशी इजा असणार असंच धरून चालायचे, ती दिसो न दिसो. 1968 च्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, भर चळवळेपणावर, 1980 ला लक्ष न लागण्यावर, 1987 ला दोन्ही एकत्र.

हे सगळं चाललं ते शाळेत जाणाऱ्या मुलांपुरतं. डॉक्टरांच्या गाइडलाइन्ससुद्धा आधी 6 ते 12 वयासाठीच होत्या. 2011 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती खालची मर्यादा 4 वर आणली, आणि खरा वाद इथून सुरू होतो.

या बदलाची बाजू मांडणारे म्हणतात लवकर कळलं तर लवकर मदत मिळते, आणि त्यात तथ्य आहेच. पण निकष बघा ना. आपला नंबर येईपर्यंत थांबत नाही, जागेवरून सारखा उठतो, दुसऱ्याचं बोलणं तोडतो. अहो, चार वर्षांचं कुठलं पोर हे करत नाही? म्हणून तर सहा महिने टिकलं पाहिजे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसलं पाहिजे अशा अटी आहेत, पण जे मूल अजून बालवाडीतच जात नाही त्याचं दुसरीकडचं कोण सांगणार?

2011 च्या त्याच निर्णयात लिहिलं होतं की या वयात आधी मुलाला कसं हाताळायचं याचं पालकांना ट्रेनिंग, औषध नंतर. कारण 2006 च्या चाचणीत इतक्या लहान मुलांवर औषधाचा उपयोग कमी आणि भूक मंदावणं, झोप उडणं, चिडचिड हे त्रास जास्त दिसले होते. हा भाग मात्र प्रॅक्टिसमध्ये मागे पडला असं माझं मत. 2016 ला तिथल्याच सरकारी आकडेवारीत निघालं की निदान झालेल्या 2 ते 5 वयाच्या मुलांपैकी साधारण 75 टक्के औषधावर आणि थेरपी मिळते जेमतेम निम्म्यांना.

2019 ला गाइडलाइन्स परत लिहिल्या तेव्हाही वय 4 च ठेवलं. त्याआधी 2013 च्या मॅन्युअलने 17 आणि त्यापुढच्यांसाठी लागणारी लक्षणं 6 वरून 5 केली, मोठ्यांना वेगळी मोजपट्टी हवी हे पटलं म्हणायचं, पण चार वर्षांच्या मुलाला अजूनही दहा वर्षांच्याच यादीने मोजतात.